मुलीशेजारची जागा

माझी बायको आमच्या कबरस्तानात नाही, हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो. नाशकात आमची चौथी पिढी, आजोबा-पणजोबा सगळे त्याच भिंतीच्या आत, मग बायकोला बाहेर का पुरलं, असं मला लोक विचारतात. काही जण ठाऊक असून विचारतात. त्यांच्यासाठी, आणि न विचारता पाठीमागे बोलणाऱ्यांसाठी हे लिहितोय. मी चौथीपर्यंत शिकलो. पुढे शाळेने मला सोडलं आणि मी शाळेला. ओझरच्या विमानांच्या कारखान्यात रंगखात्यात लागलो, तिथूनच रिटायर झालो. वाक्यं कुठे वाकडी आली तर वाचणाऱ्याने सरळ करून घ्यावीत. मी पुन्हा लिहिणार नाही.

आम्हाला मुलाच्या आधी एक मुलगी होती. शाळेत जायच्या वयाची झाली नव्हती तेव्हाच कावीळ होऊन गेली. तिची कबर कबरस्तानाच्या मागच्या भिंतीला लागून आहे. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला एक माणूस मावेल एवढी जागा. माती दिली त्या दिवशी तेव्हाचे पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, म्हणाले, ही जागा तुमच्या घरासाठी राहू द्या. बायकोने तिथेच ठरवून टाकलं की ती जागा तिची. नंतर मुलगा झाला, वाढला, त्याचं लग्न झालं, पण भाजी निवडता निवडता मध्येच बोलायची, "मी तिच्याशेजारी. तुम्ही तुमचं बघा." थट्टा नव्हती ती. मी म्हणायचो, बघतो माझं. मला त्या जागेचं काही नव्हतं. मेल्यावर माणूस कुठे पडलाय याने काय फरक पडतो, असं मला वाटायचं.

देवळाचं सांगतो. चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. मी रविवार कधी चुकवला नाही. रात्रपाळी करून आलो तरी तोंड धुऊन, इस्त्रीचा शर्ट घालून देवळात. उपासनेत सगळ्यांनी उभं राहून आपण काय मानतो ते एका सुरात म्हणायचं असतं, त्याला मतांगीकार म्हणतात. तो मला पुस्तक न उघडता येतो, आणि माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जायचा. याचा मला अभिमान होता. पण हे जे तू म्हणतोस ते मानतोस का, असं मला कुणी कधी विचारलं नाही. आमच्यात ते विचारायची पद्धतच नाही. आमच्यात विचारतात, तुम्ही कुणाच्यातले, आणि या वेळी देवळाच्या पंच कमिटीला उभे राहणार का. कमिटीच्या निवडणुकीला जेवढी माणसं जमतात तेवढी गुड फ्रायडेला जमत नाहीत. नाताळात पाय ठेवायला जागा नसते, जानेवारीत पाळकसाहेब बाकांना उपदेश करतात. उपदेश चालू असताना अर्ध्या माना मोबाईलमध्ये. एखादा दाखवतो की शास्त्र वाचतोय, पण अंगठा सारखा वर सरकत असतो. शास्त्र एवढ्या वेगाने कुणी वाचत नाही.

बायको देवळा तालुक्यातली, कांद्याच्या गावातली. तिला वाचता येत नव्हतं. आमच्या देवळात सगळं पुस्तकातून चालतं, म्हणून ती बायकांच्या बाजूला बसून नुसते ओठ हलवायची. माझ्याबरोबर उभं आयुष्य तिने असे ओठ हलवण्यात काढलं, आणि मला वाटायचं चांगलं चाललंय.

मग आमचा मुलगा दुसरीकडे जायला लागला. टायरच्या दुकानावर एक हॉल आहे, तिथे नव्या पंथाच्या लोकांची संगती, म्हणजे प्रार्थनासभा, भरते. ड्रम, माईक, टाळ्या. पाळकाला ब्रदर म्हणतात. मी मुलाला म्हटलं, वरात कधी निघणार? तो हसला नाही. त्या लोकांना हसायची चोरी आहे की काय कोण जाणे. एका रविवारी त्याने आईलाही नेलं. ती दुपारी परत आली, पदर खोचून थेट पोळ्या लाटायला बसली आणि पाठमोरीच म्हणाली, "मला आज प्रार्थना करायला सांगितली."

"मग?"

"मग केली."

"मोठ्याने? सगळ्यांसमोर? काय म्हणालीस?"

"ते तुम्हाला कशाला सांगू. तुमच्याशी बोलत नव्हते मी."

त्यानंतर ती तिकडेच जायला लागली. घरात बदल दिसत होता, मी तो बघायचा नाही असं ठरवलं होतं. पहाटे उठून मोरीजवळच्या पाटावर बसायची आणि हळू आवाजात बोलत राहायची. प्रार्थना म्हणजे आमच्या देवळातली, ठरलेली, तसं नाही. शेजारणीशी बोलावं तसं. गुडघ्याचं सांगायची, सुनेचं सांगायची, माझं गाऱ्हाणं घालायची. मी पांघरुणात पडून ऐकायचो. एकदा चहाच्या वेळी मला तोंडावर म्हणाली, तुम्ही कोमट आहात. मी कोमट? एक रविवार न चुकवणारा माणूस? ती म्हणाली, "मी नाही म्हणत, शास्त्रात आहे. चहा कोमट झाला तर तुम्ही बशी पुढे सरकवता. देवाने काय करावं?" मी बशी उचलली आणि तो चहा तसाच पिऊन टाकला. थंडच झाला होता.

पुढची गोष्ट पाण्याची. आम्हाला लहानपणी बाप्तिस्मा होतो. पाळकसाहेब कपाळावर पाणी शिंपडतात, आईबाप पोराला धरतात. हॉलवाले म्हणतात तो बाप्तिस्माच नव्हे. माणसाने कळत्या वयात, आपल्या मनाने, पाण्यात पूर्ण बुडून वर यायला पाहिजे. बायकोने ते मनावर घेतलं. त्यांच्यातल्या एका बागायतदाराची दिंडोरीच्या पुढे द्राक्षबाग आहे, तिथल्या शेततळ्यात कार्यक्रम ठरला. थंडीचे दिवस होते. मी म्हटलं, म्हातारी बुडून मरेल, कुणीतरी शुद्धीवरचं माणूस पाहिजे. म्हणून गेलो.

शेततळ्याला काळा प्लॅस्टिकचा कागद असतो. त्यावर शेवाळ धरलं की पाय ठरत नाही, म्हणून बाहेर यायला गाठी मारलेला दोर सोडतात. पांढरं लुगडं नेसून ती त्या दोराला धरून उतरली. शेजारच्या बागेत औषध मारणारा एक जण ट्रॅक्टर थांबवून बघत होता. मला म्हणाला, "बाबा, काय कार्यक्रम हाय?"

मी म्हटलं, "आंघोळ."

"एवढ्या थंडीत? अन् इतक्या लांब?"

"आमच्या घरी पाणी येत नाही."

त्याला ते पटलं. ट्रॅक्टर चालू करून गेला. तेवढ्यात तिला पाण्याखाली नेऊन वर काढलं, आणि ती हसली. काय हसली. लग्नापासून मी तिला तसं हसताना बघितलं नव्हतं. दात वाजत होते, केस तोंडावर आलेले, आणि काठावर मला शोधत होती. टॉवेल माझ्याकडे दिलेला होता. मी तो शेजारच्या बाईच्या हातात दिला आणि बागेकडे तोंड करून उभा राहिलो. मला राग आला होता. ज्या गोष्टीने ती अशी हसली ती माझ्या देवळात मिळाली नव्हती, आणि माझ्या घरातही नाही.

कुणीतरी मोबाईलवर शूटिंग केलं होतं. ते फिरत फिरत आमच्या कमिटीत पोचलं. मग पाळकसाहेब घरी आले. तिचे गुडघे दोन पावसाळे धरले होते तेव्हा कुणी आलं नव्हतं, शूटिंग बघून आले. माणूस तरुण, वाईट नाही, खुर्चीच्या कडेवर बसून बोलला. दुसरा बाप्तिस्मा घेतला की मंडळीतून, म्हणजे देवळाच्या यादीतून, नाव कमी होतं, असा नियम आहे. नाव कमी झालं की कबरस्तानात जागा नाही. पण मार्ग आहे. काकूंनी एका रविवारी देवळात उभं राहून म्हणायचं की माझ्याकडून चूक झाली. एवढंच. नाव परत येईल, मुलीशेजारची जागाही राहील.

पाळकसाहेबांना तिने चहा दिला. ते गेल्यावर माहेरच्या बोलीत शिरली. फार राग आला की शिरायची. "चूक? त्यात चूक काय शे?"

मी समजावलं. मला वाटलं मी शहाणपणाचं बोलतोय. म्हटलं, तोंडाने म्हणून टाक. मनात काय ठेवायचं ते ठेव. देव मन बघतो.

"मन बघतो म्हणूनच तर."

"एक वाक्य आहे गं."

"तुम्हाला जमतं ते," ती म्हणाली. "दर रविवारी करता. मला नाही जमत."

हे ती भांडणाच्या आवाजात म्हणाली असती तर मी भांडलो असतो. ती डाळीतले खडे काढत म्हणाली. मी शेवटी तिच्या मर्मावर बोट ठेवलं. म्हटलं, मग पोरीजवळ नाही जायचं? तिने डाळीचं ताट खाली ठेवलं. मग म्हणाली, पोर काय त्या मातीत बसून राहिली आहे का, ती आहे देवाजवळ. म्हणाली खरं, पण त्या दिवशी जेवली नाही. आणि पुढच्या ईस्टरला, त्यांच्या ब्रदरला थडग्यांना फुलं वाहिलेली चालत नाहीत तरी, पदराखाली शेवंती घेऊन ती कबरस्तानात आली. आमची माणसं निघून जाईपर्यंत फाटकाबाहेर उभी राहिली आणि नंतर आत गेली. मी तिच्यासाठी थांबलो होतो.

त्याच वर्षी तिची मूत्रपिंडं गेली. अंथरुणात तिचं सगळं करायला हॉलमधल्या बायका यायच्या. आळीपाळीने डबा आणायच्या, तिला अंघोळ घालायच्या, डोक्याला तेल लावून द्यायच्या, आणि गायच्या. बेसूर गायच्या, पण यायच्या. आमच्या मंडळीतून उपासनेत तिच्यासाठी प्रार्थना झाली. नाव न घेता. आजारी बहीण म्हणून.

ती एका दुपारी गेली. मी तासाभरात देवळामागच्या खोलीत कमिटीपुढे उभा होतो. मुलगा म्हणत होता, पप्पा जाऊ नका, आपल्या हॉलच्या लोकांनी पेठ रोडला कबरींसाठी जमीन घेतली आहे, तिथे नेऊ. मी ऐकलं नाही. तिला पोरीशेजारी ठेवायची म्हणजे ठेवायची. माझं त्या मातीबद्दलचं शहाणपण तेव्हा कुठे गेलं होतं कोण जाणे.

कमिटीने मला खुर्ची दिली. मी बसलो नाही. त्यांचं आधीच ठरलं होतं. बाई तर आता बोलू शकत नाही, तेव्हा तिच्या वतीने नवऱ्याने बोलावं. माती द्यायच्या आधी लोकांपुढे म्हणायचं की आजारपणात तिला भुलवलं, आपण काय करतोय ते तिला कळत नव्हतं. आजार पाण्यानंतरचा, पण ते कुणी मोजत नव्हतं. शब्द इकडचे तिकडे व्हायला नकोत म्हणून आधी इथे म्हणून दाखवायचं. सेक्रेटरी माझ्या बरोबरीचा. लहानपणी आम्ही देवळाच्या आवारात विटीदांडू खेळायचो. त्याची स्वतःची पोरं नाताळालाही येत नाहीत. तो उठून माझ्याजवळ आला, खांद्यावर हात ठेवला आणि समजावणीच्या सुरात म्हणाला, "अरे, एक वाक्य आहे. म्हणून टाक आणि मोकळा हो."

हे वाक्य मी तिला सांगितलं होतं. जवळजवळ याच शब्दांत. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा अंगावर पाल पडल्यासारखं झालं.

मी म्हणायला तयार होतो, हे लपवत नाही. तोंड उघडलं होतं. पण डोळ्यांपुढे ती दोराला धरून उभी, तोंडावर केस, काठावर मला शोधतेय. मी म्हटलं, "तिला कळत होतं."

पाळकसाहेब म्हणाले, "काका, तसं नाही. एवढंच म्हणा की..."

"तिला कळत होतं. तुम्हाला काय कळतं ते मला माहीत नाही. मला काय कळतं तेही नाही. पण तिला कळत होतं."

कुणीतरी मागून म्हणालं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, सोडा. मी निघालो. देवळाच्या पायऱ्या उतरताना मला पहिल्यांदा वाटलं की आज मी इथे काहीतरी खरं बोललो. मोठा आनंद वगैरे झाला नाही. पोरीशेजारची जागा मी घालवली होती, तिच्याच बाजूने बोलून.

पेठ रोडची ती जमीन म्हणजे नुसता मुरूम. भिंत नाही, झाड नाही, शेळ्या फिरतात. जेसीबीने खड्डा केला. हॉलवाल्यांनी टाळ्या वाजवून गाणी म्हटली. ब्रदर बोलायला उभा राहिला, आणि ही बहीण मेलेल्या मंडळीतून जिवंत मंडळीत कशी आली ते सांगत असताना माझ्याकडे बघत राहिला. बायकोची पेटी अजून वरच होती आणि हा माणूस माझ्यावर जाळं टाकत होता. संध्याकाळी मुलगा म्हणाला, "पप्पा, आईशेजारी तुमच्यासाठी जागा ठेवायला सांगतो. फक्त तुम्ही एकदा पाण्यात उतरा."

मी म्हटलं, "माझ्या आईबापाने मला धरलं होतं. ते काय खोटे होते?"

"तसं नाही पप्पा, पण नियम आहे."

म्हणजे तिकडेही नियम. मला हसू आलं, पोराला वाटलं रडतोय. मी त्याला सांगितलं, मला एकदा पाणी लागलंय, देवाला दुसऱ्यांदा आठवण करून द्यायची मला गरज वाटत नाही. त्याच्यापुढे ताठ मानेने म्हणालो. पण पहिल्यांदाची आठवण तरी देवाला आहे का, हे मला माहीत नव्हतं, आणि ते मी त्याला सांगितलं नाही.

आता ईस्टरच्या पहाटे आमची मंडळी मेणबत्त्या घेऊन कबरस्तानात जमते तेव्हा मी पोरीला फुलं ठेवून रिक्षाने पेठ रोडला जातो. पहिल्या वर्षी चुना आणि कुंचा घेऊन गेलो आणि बायकोच्या कबरीचा चौथरा रंगवला. रंगाचं काम मला येतं. मुलाने बघितलं तेव्हा म्हणाला, हे कशाला, आईला हे आवडलं नसतं. मी त्याला फाटकाबाहेर थांबलेल्या त्याच्या आईची गोष्ट सांगितली. शेवंतीची. त्याला माहीत नव्हती. तो कुंचा धुऊन द्यायला लागला. आमच्यात एवढंच बरं चाललंय.

देवळात मी जातो. लोकांना वाटलं होतं म्हातारा रुसून घरी बसेल. मी काय म्हणून बसू? मतांगीकाराला उभाही राहतो. पण म्हणत नाही. म्हणायचं नाही असं काही ठरवलं नव्हतं. पहिल्याच वाक्याला थांबलो, हे मी मानतो का, असा विचार करत. तोपर्यंत लोक शेवटाला पोचून बसलेसुद्धा. दुसऱ्या रविवारी तेच. अजून मी पहिल्या वाक्याच्या पुढे गेलेलो नाही. माझा एवढा मोठा आवाज बंद झालेला आहे आणि देवळात एकाही माणसाच्या ते लक्षात आलेलं नाही. पहाटे मोरीजवळच्या पाटावर बसून बघितलं. तिच्यासारखं बोलायला गेलो तर काय बोलावं सुचेना. पाठ असलेलं म्हणावंसं वाटेना. पाय सुन्न होईपर्यंत बसलो, मग उठून गॅस पेटवला. रोज बसतो. कोमट म्हणायचं तर म्हणा.

गेल्या महिन्यात सेक्रेटरी घरी आला. कबरस्तानात जागा कमी पडतेय, लोक मागताहेत, आणि तुझ्या पोरीशेजारची तशीच पडून आहे. वहिनी तर आता तिकडे. देऊन टाकू का कुणाला?

द्या, असं माझ्या तोंडाशी आलं होतं. तुमच्या भिंतीतली वीतभर माती मला नको, असंही पुढे आलं होतं. मग मी विचार केला. पेठ रोडला हळूहळू तिची माणसं येतील, डबे आणणाऱ्या, तेल लावणाऱ्या. तिच्याभोवती गर्दी होईल. पोरीच्या बाजूला उद्या हे कुणालाही आणून ठेवतील.

"माझं नाव लिही," मी म्हटलं.

त्याला नवल वाटलं. "अन् वहिनी?"

"तिकडे पाण्यात उतरल्याशिवाय मला घेणार नाहीत."

तो मोठ्याने हसला, विटीदांडूच्या वेळी हसायचा तसा. म्हणाला, तुझं काय, तू आपला नियमातला माणूस, दर रविवारी बाकावर असतोस, तुझी जागा कोण काढतो. खिशातून पेन काढून त्याने तिथल्या तिथे नाव टिपून घेतलं. जी जागा तिने पोरीला माती देताना आपली ठरवली होती, ती अशी माझ्या नावावर झाली. ती एक वाक्य म्हणाली नाही म्हणून तिला मिळाली नाही. मी आधी कधी मागितलीही नव्हती. मला मिळाली, कारण मी बाकावर असतो.

मी त्याला चहाला बस म्हटलं. तो म्हणाला, घाई आहे, कमिटीची मीटिंग आहे.